शिडांचा हंगाम

आमच्या चिखलीस समुद्र नाहीं, हें सांगावयास लेख नको. पण ज्या गांवास अद्याप आगगाडीहि शिवलेली नाहीं, त्या गांवांतील एका घरीं शिडाच्या होडीवरून वाद माजावा, हें थोडें नवल खरेंच. बुलढाणा जिल्ह्याच्या या पठारावर पाणी म्हटलें म्हणजे विहीर, फार तर पैनगंगा. आणि पैनगंगा आमच्याच बाजूच्या अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावत असली, तरी इकडे तिचें बाळपणच चालूं असतें. लोणारचें सरोवर जिल्ह्यांतच आहे, पण तें खारें, उल्केच्या आघातानें झालेलें, आणि त्यावर कोणीं शीड उभारल्याचें आम्हीं तरी ऐकलें नाहीं. अशा मुलुखांतल्या माणसास पाण्याविषयीं दोनच भावना ठाऊक: तें नाहीं म्हणून चिंता, आणि एकाएकीं आलें म्हणजे भीति.

ही भीति आमच्या वहिनींच्या ठायीं जरा अधिक आहे. त्यांचा पाठचा भाऊ नऊ वर्षांचा असतांना नदीच्या डोहांत गेला. त्या गोष्टीस पंचेचाळीस वर्षें होत आलीं. पण श्रावणांत पुराची बातमी आली म्हणजे वहिनी अजून नदीकडच्या वाटेनें जात नाहींत. त्यांची एकुलती एक मुलगी नोकरीनिमित्त मुंबईस असते. तिनें तेथें एका नौकाविहार मंडळांत नांव घातलें असून सुटीच्या दिवशीं ती शिडाची होडी घेऊन समुद्रांत जाते, ही वार्ता घरीं पोंचली, तेव्हां वहिनींनीं दोन दिवस तिच्याशीं फोनवर बोलणें टाकलें. तिसऱ्या दिवशीं आम्हांस बोलावून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही एकदां डोळ्यांनीं बघून या. ठीक दिसलं नाहीं, तर तिला समजावून ते बंद करा." आमचे वडील बंधु हयात असते तर तेच गेले असते. ते नाहींत, म्हणून गेल्या मार्गशीर्षांत आम्ही निघालों. बुलढाण्यावरून राजूरचा घाट उतरून मलकापूर, आणि तेथून रात्रीची गाडी.

मुंबईकडील या खेळाचा हंगाम आमच्या शेतीच्या अगदीं उलट आहे. पाऊस आला कीं आमच्या तिफणी बाहेर निघतात. तेथें पाऊस आला कीं होड्या कांठावर ओढून, डोलकाठ्या उतरवून झांकून ठेवतात. नारळी पौर्णिमेस कोळी बांधव दर्यास नारळ देतात, पण या हौशी मंडळींच्या लहान होड्यांस तेवढ्यानें धीर येत नाहीं. आश्विन उजाडून वारा स्थिर झाला, म्हणजे त्या पाण्यांत उतरतात आणि वैशाखापर्यंत त्यांचें चालतें. कांहीं रविवार शर्यतीचे, कांहीं नुसत्या सहलीचे. मधूनच एखादा दिवस होड्यांस रंग देण्याचा, शिडें शिवण्याचा आणि सर्वांनीं मिळून जेवण्याचा.

खेळ मूळचा साहेबांचा, यांत संशय नाहीं. अपोलो बंदरावरील रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालीं निघाला आणि १८७६ सालीं त्यास 'रॉयल' ही पदवी मिळाली. इंग्रजी अमदानींत हिंदी माणसास तेथें सभासद म्हणून प्रवेश नव्हता. आणि याच पाण्यानें दक्षिणेस गेलें म्हणजे खांदेरीचें बेट लागतें. १६७९ सालीं शिवाजी महाराजांनीं तें बांधावयास घेतलें, तेव्हां इंग्रज आणि सिद्दी हे दोघेहि आडवे आले, तरी तें काम थांबलें नाहीं. पुढें कान्होजी आंग्र्यांनीं तर हा सारा किनारा आपल्या गलबतांच्या धाकांत ठेवला. ज्यांच्या पूर्वजांनीं शीड हांकलें, त्यांच्या नातवांनीं दुसऱ्यांचीं शिडें कठड्याबाहेरून पाहावीं, असा तो मधला काळ गेला. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीस झाल्या, पण त्यांतील शिडाच्या शर्यती मुंबईसच झाल्या, आणि त्यांत फारूख तारापोर व झरीर करंजिया या जोडीनें सुवर्णपदक मिळविलें. आज नौदल, लष्कर आणि खासगी मंडळें हा खेळ शिकवितात. खर्चाचा खेळ आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु पुतणीच्या मंडळांत होड्या सामायिक आहेत आणि त्या पाळीनें मिळतात. स्वतःच्या मालकीची होडी म्हणजे दारीं हत्ती, असें तेथील एका गृहस्थानेंच आम्हांस सांगितलें.

शनिवारीं स्नेहाची शर्यत होती. आम्हांस पंचांच्या लाँचेवर बसविलें, अंगांत नारिंगी तरते जाकीट अडकविलें, आणि आमच्या धोतराकडे पाहून कोणी हंसलें नाहीं, हें त्यांचें सौजन्य. लाँचेवरचे तांडेल कोळी समाजाचे वृद्ध गृहस्थ होते. आम्ही वऱ्हाडांतले म्हणतांच त्यांनीं पहिला प्रश्न केला, "आज तिथि कोणची?" शुद्ध तृतीया, असें आम्हीं सांगितलें. ते म्हणाले, तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी. तितक्या वाजतां मुंबईस भरती. तिनांची पाऊणपट सव्वादोन. वद्य पक्षांत प्रतिपदेपासून पुन्हां तोच हिशेब. थोडा फरक पडतो, पक्क्या वेळेस छापील कोष्टकें आहेत. पण कोष्टक घरीं राहिलें तरी चंद्र कोठें राहत नाहीं. पन्नास वर्षें पंचांग हातांत धरूनहि त्यांतील ही उपयुक्त गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती.

शर्यतीचा आरंभ मोठा चमत्कारिक. होडीस जागच्या जागीं उभें राहतां येत नाहीं, म्हणून साऱ्या होड्या एका काल्पनिक रेषेमागें घिरट्या घालीत असतात. पांच मिनिटें उरलीं असतां एक निशाण चढतें व भोंगा वाजतो; चार मिनिटें असतां दुसरें; एक मिनिट असतां दुसरें उतरतें; आणि पहिलें उतरलें कीं शर्यत सुरू. त्या क्षणापूर्वीं जिनें रेषा ओलांडली, तिनें परत फिरावयाचें. पहिला टप्पा वाऱ्याच्या तोंडावर असतो. सरळ वाऱ्यांत कोणतेंच शीड जात नाहीं; वाऱ्याशीं सुमारें पंचेचाळीस अंशांचा कोन धरून, एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे, असें नागमोडी चढावें लागतें. राजूरच्या घाटांत मोटार वळणें घेत वर येते, तीच युक्ति. फरक इतकाच कीं येथें वळणें आपण ठरवावयाचीं आणि रस्ता दर क्षणीं हलत असतो.

आमच्या वऱ्हाडांत शंकरपट आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ते बंद केले आणि २०२३ सालीं पुन्हां वाट मोकळी झाली. तेथें जोडी सुटली कीं कोण पुढें हें पोरालाहि कळतें. येथें तसें नाहीं. होड्या निरनिराळ्या जातींच्या, कांहीं नव्या व हलक्या, कांहीं जुन्या व जड. म्हणून प्रत्येक जातीस एक अंक दिलेला असतो. जलद होडीचा लहान, मंद होडीचा मोठा. लागलेल्या वेळास हजारांनीं गुणून त्या अंकानें भागावयाचें. समजा, हजार अंकाची होडी ६१ मिनिटांत आली आणि ११०० अंकाची जुनी होडी ६६ मिनिटांत. तर पहिलीचीं ६१ च राहतात आणि दुसरीचीं ६० होतात. मागून आलेली जिंकली! त्या दिवशीं एक निवृत्त गृहस्थ आपल्या नातवास घेऊन सर्वांत मागें आले, आणि चहाच्या वेळीं हिशेब झाला तेव्हां त्यांचा दुसरा क्रमांक लागला. बक्षीस म्हणून एक साधा पेला. तोहि पुढच्या शर्यतीस परत करावयाचा.

आमचें लक्ष अर्थातच एकाच होडीवर होतें. पुतणी व तिची मैत्रीण दूरचा बोया वळत होत्या. तेथून पुढें त्यांची होडी सरळ जावयाची, ती एकाएकीं गर्रकन एक पूर्ण फेरी घेऊन मग पुढें निघाली. त्या गडबडींत दोन होड्या पुढें निघून गेल्या. कांहीं बिघडलें कीं काय, म्हणून आम्ही उठूनच उभे राहिलों. तांडेल म्हणाले, "बोयाला लागली असेल." नियम असा, कीं खुणेच्या बोयास होडीचा स्पर्श झाला तर तिनें एक पूर्ण फेरी घ्यावी, दुसऱ्या होडीचा हक्क मोडला तर दोन. आम्हीं विचारलें, तो स्पर्श पाहिला कोणीं? ते म्हणाले, इतक्या लांबून कोण पाहणार? ज्याचें त्यानें पाहावयाचें. सायंकाळीं पुतणीस विचारलें, तेव्हां तिलाहि या प्रश्नाचें आश्चर्य वाटलें. "काका, लागली ती आम्हांला कळली ना," एवढेंच ती म्हणाली. समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त घ्यावयास लावणाऱ्या समाजांत आमचे आजोबा वाढले. त्यांच्या पणतीनें समुद्रांतच, कोणी न सांगतां, प्रदक्षिणेचें प्रायश्चित्त घेतलेलें त्यांनीं पाहिलें असतें तर ते काय म्हणाले असते, कोण जाणे.

या खेळाच्या नियमांचें पुस्तक तिनें रात्रीं आम्हांस दाखविलें. त्यांतील पहिलाच नियम जिंकण्याविषयीं नाहीं. संकटांत सांपडलेल्यास शक्य तितकें साह्य प्रत्येक होडीनें केलेंच पाहिजे, असा तो आहे. हें केवळ छापण्यापुरतें असेल, अशी शंका आम्हीं बोलून दाखविली, तेव्हां तिनें सेऊलच्या ऑलिंपिकची हकीकत सांगितली. २४ सप्टेंबर १९८८ रोजीं पुसान येथें वादळी वाऱ्यांत शर्यती चालूं होत्या. लॉरेन्स लेम्यू हा कॅनडाचा खेळाडू आपल्या शर्यतींत दुसरा होता. तितक्यांत दुसऱ्या शर्यतींतील सिंगापूरची होडी उलटून तिच्यावरील दोघे पाण्यांत पडलेले त्यास दिसले. त्यानें शर्यत सोडली, दोघांस आपल्या होडींत घेतलें, गस्तीची नौका येईपर्यंत थांबला, आणि मग पुन्हां निघाला. तोंवर कित्येक होड्या पुढें गेल्या होत्या. पंचांनीं त्या शर्यतींत त्यास दुसरा क्रमांकच दिला. एकंदर स्पर्धेंत त्यास पदक मिळालें नाहीं, पण ऑलिंपिक समितीनें कूबर्तिन यांच्या नांवाचें विशेष पदक देऊन त्याचा गौरव केला. वहिनींस सांगावयास ही गोष्ट उपयोगी पडेल, अशी आम्हीं मनांत नोंद केली.

रविवारीं सहल. पलीकडे मांडव्याजवळ जावयाचें, नांगर टाकून जेवावयाचें, आणि दिवस मावळण्यापूर्वीं परतावयाचें. सहलींत शर्यतीचें सारें उलटें होतें. सर्वांत मंद होडी जितकी चालेल तितकेंच इतरांनीं चालावयाचें. सकाळीं जमिनीवरून मतलई वारा मिळाला. लहान मुलें होतीं, एका होडींत आजीबाई होत्या, आणि पुरणपोळ्यांपासून पावभाजीपर्यंत सर्व कांहीं एका होडींतून दुसरींत जात होतें. एका वहींत प्रत्येक होडीचें नांव व माणसांची संख्या. निघतांना मोजणी, नांगर टाकल्यावर मोजणी, नांगर उचलतांना मोजणी. आम्हांस ती थोडी अति वाटली, हें लपवीत नाहीं.

त्या दिवशीं चतुर्थी, म्हणजे तीन वाजतां भरती. परततांना साडेचारच्या सुमारास समुद्रावरचा खारा वारा हळूहळू पडूं लागला आणि सव्वापांचाच्या आंत साफ मेला. शिडें ओल्या धोतरांसारखीं लोंबूं लागलीं. पाणी वरून अगदीं शांत दिसत होतें. पण ओहोटी लागली होती, आणि ती बंदराबाहेर खुल्या समुद्राकडे नेते. मुंबईच्या इमारती समोर स्वच्छ दिसाव्यात आणि आपण तसूतसूनें त्यांच्यापासून दूर जावें, हा अनुभव विचित्र आहे. कोणी ओरडलें नाहीं. लाँच एकेका होडीकडे गेली, दोर टाकले गेले, आणि आगगाडीच्या डब्यांप्रमाणें होड्या एकीमागें एक बांधल्या गेल्या. तितक्यांत सूर्य बुडाला. वहीवाल्या बाईंनीं मोजणी केली: एक होडी कमी. ती कोणाची, हें वाचकांस सांगावयास नको.

नेमका त्याच वेळीं आमच्या खिशांतला फोन वाजूं लागला. वहिनींचा होता. आम्हीं तो हातांत धरला, पण उचलला नाहीं. तांडेलांनीं इंजिन बंद करावयास लावून कान दिला. मग दक्षिणेकडून तीन शिट्या आल्या, आणि थोड्याच वेळांत एक बारीक दिवा दिसला. दोघी मुली होडींत बसून वल्हीं मारीत होत्या. ओहोटीनें त्या अर्धा मैल खालीं गेल्या होत्या. शीड उतरवून, दिवा लावून, ठरल्याप्रमाणें शिटी देत राहिल्या होत्या. दोर बांधल्यावर पुन्हां मोजणी झाली. या वेळीं ती आम्हीं बोटांवर केली. मग वहिनींस फोन लावला.

चिखलीस परत आल्यावर आम्हीं वहिनींस सर्व सांगितलें, दिव्याची गोष्टहि. ती गाळावी, असा सल्ला घरांतून मिळाला होता. परंतु डोळ्यांनीं पाहून यावयास सांगितलें होतें, आणि पाहिलेलें तें पाहिलेलें. १९ ऑगस्ट २००९ रोजीं मुंबईहून निघून १९ मे २०१० रोजीं परत येणारे, शिडाच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, कॅप्टन दिलीप दोंदे, यांची माहिती सांगितली. २०१७-१८ सालीं नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' नौकेंतून जगाची फेरी करून आल्या आणि २०२४-२५ सालीं त्याच नौकेंतून दोघीच जाऊन आल्या, हेंहि सांगितलें. वहिनींनीं दोंद्यांचें ऐकलें, तारिणीचें ऐकलें, आणि विचारलें, "ती वही कोणाकडे असते?" आम्हीं सांगितलें. "त्या बाईंचा नंबर मला द्या."

त्यांनीं मुलीस परवानगी दिली नाहीं आणि मनाईहि केली नाहीं. लेम्यूची गोष्ट त्यांना आवडली, पण त्या दोघांस उचलावयास कोणी होतें म्हणून ते वांचले, असें त्या म्हणाल्या. यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. मुलगी होड्यांवर जातच आहे. परवां शनिवारीं रात्रीं आम्ही सहज वहिनींकडे गेलों, तों त्या चष्मा लावून पंचांग घेऊन बसल्या होत्या.

"भाऊजी, उद्यां एकादशी. अकरांची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे हीं मुलं निघतील तेव्हां ओहोटी लागलेली असेल, होय ना?"

आम्हीं होय म्हटलें.

"मग तिला सांगून ठेवलं आहे, खिचडी निघायच्या आधींच खाऊन घे. पाण्यावर डबा उघडायला व्हायचा नाहीं."