फर्स्ट पोस्ट

नव्वद मिनिटांच्या मॅचमध्ये स्ट्रायकरच्या पायात बॉल किती वेळ असतो? सगळे स्पर्श जोडले तरी फार तर दोन-तीन मिनिटं. बाकीचा वेळ तो काय करतो ते प्रेक्षकाला दिसत नाही. त्याची नजर बॉलवर असते, आणि तिकीट त्यानं त्यासाठीच काढलेलं असतं. मी माझी खेळायची वर्षं आठवायला लागलो की मला मात्र ती बॉल नसतानाची मिनिटंच आठवतात. गोल लोकांच्या लक्षात आहेत, कधी कधी माझ्यापेक्षा जास्त.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं कुस्तीच्या आखाड्यांची, आणि त्याच नावांनी शाहू स्टेडियमवर संघ उतरतात. अख्खी पेठच्या पेठ गॅलरीत येऊन बसते. तिथं फॉरवर्डनं काय करायचं हे गॅलरीच ठरवते. बॉल पायात आला रे आला की, "मार की रं!" मग तुम्ही गोलपासून चाळीस यार्डांवर का असेनात. बारक्या पोरांना वाटतं, जो सगळीकडं बॉलच्या मागं पळतो तो चांगला फॉरवर्ड. मीही तसाच पळायचो. दम होता, आणि गॅलरी खूश होती.

तालमीत एक जुने बॅक होते. गुडघे गेलेले, पण संध्याकाळी मैदानावर खुर्ची टाकून बसायचे. आम्ही सगळे त्यांना वस्ताद म्हणायचो. ते एकदा म्हणाले, "लेका, बॉलकडं काय बघतोयस? बॉल तुझ्याकडं येतोयच. तू बॅककडं बघ. आणि तो तुझ्याकडं बघायचा थांबला की हल." आयुष्यभर फॉरवर्ड अडवलेला माणूस फॉरवर्डला शिकवत होता. बॅकला कशाचा त्रास होतो ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

विंगवरनं क्रॉस येणार आहे असं धरा. बॅकला दोन गोष्टी एकदम बघायच्या असतात, बॉल आणि तुम्ही. तुम्ही त्याच्यापुढं उभे राहिलात की त्याचं काम सोपं झालं, दोन्ही एकाच नजरेत. म्हणून त्याच्या मागच्या खांद्याला लागून उभं राहायचं. आता तुम्हाला बघायला त्याला मान वळवावी लागते, आणि मान वळवली की बॉल सुटतो. विंगरनं शेवटचा टच घेऊन मान खाली घातली, की बॅकही बॉलकडं बघतो. तेवढ्या क्षणात दोन पावलं सेकंड पोस्टकडं, म्हणजे लांबच्या खांबाकडं टाकायची, ती त्याला जाणवतील अशी. त्यानं वजन तिकडं टाकलं की त्याच्या पुढून कापून फर्स्ट पोस्टवर, जवळच्या खांबाशी. तिथं पोचून उभं राहायचं नाही. बॉल आणि तुम्ही एकाच वेळी तिथं आलं पाहिजे. मग जोर लावायची गरज नसते, पायाची आतली बाजू नुसती लावली तरी बॉल दिशा बदलतो. गोल सव्वासात मीटरहून थोडा जास्त रुंद आणि अडीच मीटरला थोडा कमी उंच असतो. लांबून हे माप आखूड वाटतं, सहा यार्डांवरून गोलकीपरची दया येते.

एवढं सगळं केल्यावर बहुतेक वेळा बॉल येतच नाही. विंगर पडतो, नाहीतर क्रॉस पहिल्याच बॅकला लागतो, नाहीतर विंगर स्वतःच गोलवर मारतो आणि वर तुमच्याकडं बघून हात दाखवतो. आपण चालत परत यायचं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, तितक्याच जोरात, कारण अर्ध्या मनानं केलेली धाव बॅकला लगेच कळते. पुढं स्पोर्ट्स कोट्यातून मुंबईला एका कंपनीच्या टीममध्ये गेलो. सकाळी प्रॅक्टिस, मग ऑफिस, मॅच असेल तेव्हा कूपरेजचं मैदान. तिथं ही फुकटची धाव मी नोकरीसारखी केली. दोन-तीन विंगरांशी माझी जी दोस्ती झाली ती याच धावांतून. ज्याला ठाऊक असतं की हा तिथं असणारच, तो मान वर न करता क्रॉस टाकतो.

या विद्येचा सगळ्यात मोठा जाणता जर्मनीचा गेर्ड म्यूलर. बुटका, जाड मांड्यांचा, पळताना अजिबात देखणा नाही. देशासाठी ६२ सामन्यांत ६८ गोल. १९७४ च्या वर्ल्ड कप फायनलमधला त्याचा नेदरलँड्सविरुद्धचा गोल मी पोरांना पुन्हा पुन्हा दाखवतो. उजवीकडून बॉनहोफनं बॉल आत दिला, तो म्यूलरच्या थोडा मागं पडला. दुसरा कुणी असता तर संधी गेली म्हणून हात वर केले असते. म्यूलरचा पहिला टच बॉल आणखी मागं नेतो. बॅक पुढं निघून जातात आणि हा जागच्या जागी वळून खालून, फारसा जोर न लावता मारतो. बॉल रांगत गेल्यासारखा आत जातो. गोलकीपर हलतही नाही. जर्मनी २-१ नं जिंकली, आणि त्यानंतर तो देशासाठी खेळला नाही.

गोलांचा दुष्काळ प्रत्येक स्ट्रायकरच्या वाट्याला येतो. त्याबद्दल पुष्कळ मानसशास्त्र सांगितलं जातं. मला त्याची खूण पायात दिसते. गोल होत नसला की माणूस बॉलजवळ जायला लागतो. टच मिळावा, निदान पास तरी नीट जावा, म्हणून खाली मिडफिल्डमध्ये उतरतो. लोक म्हणतात, वा, किती मेहनत घेतोय. आणि गोलसमोरची जागा रिकामी पडते.

आपल्याकडं स्ट्रायकरची आणखी एक अडचण आहे, ती पायातली नाही. क्लबला परदेशी खेळाडू घ्यायचा असतो तेव्हा सगळ्यात आधी नऊ नंबर, म्हणजे स्ट्रायकर घेतला जातो. गोवेकरांना डेम्पोचा नायजेरियन रँटी मार्टिन्स आठवत असेल, २०११-१२ च्या आय-लीगमध्ये त्यानं ३२ गोल मारले. आता आमच्या पेठांच्या संघांतही नायजेरियन फॉरवर्ड दिसतात. २०१४ ला आयएसएल सुरू झाली तेव्हा मैदानात एका वेळी सहा परदेशी चालत, मग पाच झाले, २०२१ पासून चार. आकडा कमी झाला, पण ती जागा बहुतेक त्यांचीच राहिली. मला क्लबांचा राग येत नाही. पगार देणाऱ्याला गोल विकत हवे असतात. पण भारतीय पोरगा मग विंगवर ढकलला जातो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढं आला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताचा फॉरवर्ड होता. व्यावसायिक फुटबॉलमध्ये तो जास्त करून विंगवरच दिसला.

सुनील छेत्रीचीही यातून सुटका नव्हती. २०१७-१८ च्या मोसमात बेंगळुरूनं मधे परदेशी मिकू ठेवला आणि छेत्रीला डावीकडं. मिकूचे १५ गोल झाले, छेत्रीचे १४. डावीकडून तो आत यायचा तो थेट सेकंड पोस्टला, जिथं उजव्या बॅकला मागं बघायची सवय नसते. उंची बेताचीच, तरी हेडर मारायचा तो टायमिंगवर. वयाच्या चाळिशीत, २०२४-२५ च्या मोसमात, त्यानं पुन्हा १४ मारले. पाय पहिल्यासारखे पळत नव्हते हे टीव्हीवरही दिसत होतं. मला त्याच्या धावा मोजायला आवडायचं. पूर्वी दहा जागी जायचा, त्या मोसमात तीन. त्या तीन अचूक.

मला ते वय क्लबच्या पैशावर बघायला मिळालं नाही, गुडघ्यानं आधीच आवरतं घेतलं. शेवटच्या दोन मोसमांत मात्र मी सगळ्यात कमी पळलो आणि गोल तेवढेच राहिले. सोबतीच्या पोरानं लांबून मारला की बाकीचे सगळे बॉल कुठं जातो ते बघत उभे राहायचे. मी गोलकीपरच्या हाताकडं निघालेलो असायचो. ओल्या मैदानावर कीपर बॉल धरत नाही, पुढं ढकलतो. असे गोल पेपरात एका ओळीत येतात, नशिबाचे म्हणून.

आता संध्याकाळी पोरांना शिकवतो. अकॅडमीचे लोक बघायला येतात आणि चांगल्या नऊ नंबरकडं बघून विचारतात, "सर, हा विंगवर खेळेल का?" मी खेळेल म्हणतो. पोराच्या घरच्यांना पगार हवा असतो, आणि तो हवा असणं चूक आहे असं म्हणणारा मी कोण? माणसं गेली की पोराला बाजूला घेतो. "विंगवर जा, क्रॉस शिक. पण समोरच्या बाजूनं क्रॉस निघाला की टचलाइन सोड आणि सेकंड पोस्टला पोच. तुझ्या पाठीवर कुठला नंबर आहे ते तिथं बॅकला दिसत नाही."