पॉलिश नको, तेल पाजा!

कोल्हापूरचा वीकएन्ड म्हणजे अंबाबाईचं दर्शन, तांबडा-पांढरा आणि परतताना चप्पल लाइनमधून एक कोरी जोडी. बरोबर ना? या वेळी मी मात्र तिथे जुनी जोडी घेऊन गेलो. आजोबांची! कित्येक वर्षं माळ्यावर पडलेली. पट्टे कडक, अंगठा तुटायच्या बेतात, पण टाचेचा खळगा अजून तसाच. घरच्यांचं एकच म्हणणं, ‘टाकून दे.’

पहिल्या दुकानात लगेच नवी जोडी पुढे आली. पुढच्या एका दुकानाच्या पायरीवर बसलेल्या कारागीर काकांनी मात्र चप्पल हातात घेतली, पट्टा हळूच वाकवला आणि म्हणाले, “मेली न्हाई अजून. पॉलिश कशाला मारताय, पावणं? तेल पाजा.”

फंडा सोपा आहे. अस्सल कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात. ते तेल पितं आणि मऊ राहतं. पॉलिश नुसतं वर बसून चमकतं. पडलेली भेग तेलानं बुजत नाही, पण पुढची थांबते. काकांनी अंगठा चामड्याच्याच वादीनं शिवला. खिळा ठोकला तर तो गंजतो आणि कातडं खातो, म्हणे.

2019 मध्ये कोल्हापुरीला जीआय मिळालं. 2025 मध्ये प्राडानं मिलानच्या रॅम्पवर तशाच सँडल्स आणल्या, तेव्हा आपण सगळे तावातावानं बोललो. पण दुरुस्तीला कितीजण येतात, असं विचारल्यावर काका नुसतेच हसले. शिवून घेणारे उरले नाहीत, तर हा हात तरी कसा उरणार?

तुमच्याही माळ्यावर अशी जोडी असेल, तर एवढं कराच. आधी कोरड्या फडक्यानं धूळ पुसा. बोटभर एरंडेल घ्या, पण आधी एका कोपऱ्यात लावून बघा, कारण रंग गडद होतो. मग पातळ हात फिरवा, रात्रभर मुरू द्या, उरलेलं पुसून टाका. तेलात बुडवू नका, तळ लिबलिबीत होतो. भिजली तर उन्हात नाही, सावलीत वाळवा. ठेवायला प्लॅस्टिकची पिशवी नको, बुरशी येते. जुन्या धोतराचं फडकं बेस्ट! आणि मुख्य म्हणजे अधूनमधून वापरा. फ्रायडेला कुर्त्यावर सॉलिड दिसते.

आभाळ भरून आलं, की मात्र मुकाट्यानं फ्लोटर्स!