आत्याबाईंच्या पाटल्या

रेडीच्या समुद्रकांठीं माडांच्या बागा आहेत, आणि जेथें बागा आहेत तेथें हद्दीचे तंटेहि आहेत. सुमारें दहा वर्षांपूर्वीं आमच्या आत्याबाईंच्या वांट्याला असाच एक तंटा आला. वेंगुर्ल्याच्या दिवाणी न्यायालयांत निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. ओरोसला जिल्हा न्यायालयांत अपील करावयाचें, तर मुदत ३० दिवसांची. आणि कोर्ट-फीपुरते रोख पैसे त्यांच्यापाशीं नव्हते. आमचीहि स्थिति त्या सालीं ओढगस्तीचीच होती.

वकिलांनीं निर्धन म्हणून अपील करण्याच्या परवानगीचा अर्ज सुचविला. तो कागद आत्याबाईंना वाचून दाखविण्याचें काम आमच्याकडे आलें. त्यांत आपल्या चीजवस्तूंची यादी द्यावी लागते. ती वाचतां वाचतां आम्ही थांबलों. "आपल्या घराण्यांतील बाईनें आपण निर्धन आहोंत असें कोर्टांत लिहून द्यावें?" असें आम्हींच म्हटलें. आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. चार दिवसांनीं त्या सावंतवाडीच्या पेठेंत जाऊन आल्या, तेव्हां त्यांच्या हातांत पाटल्या नव्हत्या. फी भरली गेली. घराण्याची अब्रू राहिली, असें आम्हीं मानलें.

पुढें कुतूहलानें आम्हीं कायदा वाचला. १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेंत ३३ वा आदेश निर्धनांच्या दाव्यांसाठीं व ४४ वा त्यांच्या अपिलांसाठीं आहे. पूर्वीं तेथें 'पॉपर' हा शब्द होता. १९७६ च्या दुरुस्तीनें तो जाऊन 'निर्धन व्यक्ति' आली. फी भरण्याइतकें साधन ज्याच्यापाशीं नाहीं, तो निर्धन. हा हिशेब करतांना ज्या मिळकतीबद्दल तंटा आहे ती धरीत नाहींत. तसेंच जप्तींतून वगळलेल्या वस्तु, म्हणजे अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, धर्मरूढीप्रमाणें स्त्रीनें अंगावेगळे करूं नयेत असे अलंकार, याहि धरीत नाहींत. खालच्या न्यायालयांत निर्धन ठरलेल्यास अपिलाच्या वेळीं, आपली स्थिति पालटलेली नाहीं, एवढें प्रतिज्ञापत्र बहुधा पुरतें.

लोक म्हणतात, फी माफ होते. वस्तुतः ती पुढें ढकलली जाते. निर्धन जिंकला तर सरकार ती निकालांत ठरेल त्या पक्षाकडून घेतें. हरला तर त्याच्याचकडून. ही भीक नव्हे, उधारी आहे. मराठेशाहींतहि निवाडा झाल्यावर जिंकणारा हरकी व हरणारा गुन्हेगारी सरकारांत भरीत असे. तेव्हां न्याय आधीं आणि पैसा मागाहून, ही कल्पना आपणांस परकी नाहीं.

याहून लाजविणारी गोष्ट पुढेंच आहे. १९८७ चा विधि सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलांत आहे. त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणें कोणतीहि स्त्री, तिचें उत्पन्न कितीहि असो, कायदेविषयक साहाय्यास पात्र आहे. तिच्या म्हणण्यांत प्रथमदर्शनीं तथ्य दिसलें म्हणजे झालें. या साहाय्यांत वकील येतो, तशी कोर्ट-फीहि येते. म्हणजे आत्याबाईंना स्वतःला निर्धन म्हणवून घेण्याचेंहि कारण नव्हतें आणि पाटल्या विकण्याचेंहि नव्हतें.

हें आम्हीं त्यांना भीत भीत सांगितलें. त्या म्हणाल्या, "अरे, त्या शब्दाची लाज मला कुठें होती? ती तुलाच होती."

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. अजूनहि सुचत नाहीं. अपील चाललें, निकालहि झाला. पण पाटल्या गेल्या त्या गेल्याच.

म्हणून वाचकांस एवढीच विनंति. घरांतील कोणाचा दावा हरला, तर निकालाची नक्कल त्याच आठवड्यांत मागावी आणि तालुक्याच्या विधि सेवा समितीकडे जावें. उच्च न्यायालयांतील दुसऱ्या अपिलासाठींहि आतां मुंबई गांठावी लागत नाहीं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचें सर्किट बेंच सिंधुदुर्गाचीं प्रकरणें ऐकतें. अब्रूचा विचार मग सवडीनें करावा. मुदत त्याच्यासाठीं थांबत नाहीं.