किरीव

आमच्या पिढीचे उन्हाळे गच्चीवर गेले. उत्तर इराकमधल्या शिंगालच्या डोंगराखालची घरं बसकी, छपरं सपाट. रात्र झाली की अंथरुणं वर जायची. मग आज्या फर्मानं मोजायला बसायच्या. फर्मानं म्हणजे आम्हा यझिदी धर्मीयांच्या आजवरच्या कत्तली, त्यांच्या हिशेबाने ७२. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत आम्हाला झोप लागलेली असायची.

मूळ गावं डोंगरातली. १९७० च्या दशकात बाथ सरकारने त्यातली कितीतरी मोडून माणसं मैदानातल्या वसाहतींत आणून बसवली. थोरल्यांच्या तोंडून वरची अंजिरं सुटायची नाहीत, आम्हाला खालचंच घर प्यारं. एप्रिलमधला लाल बुधवार हा आमचा वर्षारंभ. अंडी रंगवायची, एकमेकांच्या अंड्यावर आपटून फोडायची. मग दाराच्या चौकटीवर ओला चिखल थापून त्यात टरफलं आणि रानातली लाल फुलं रोवायची.

सणाला किरीव यायचा. मुलाची सुंता ज्याच्या मांडीवर होते, तो किरीव. रक्ताचा थेंब त्याच्या कपड्यावर पडला की दोन्ही घरं एक. इतकी, की सात पिढ्या सोयरीक बंद. म्हणून तो बहुतेकदा शेजारगावचा अरब मुसलमान असे. त्यांच्याशी सोयरीक तशीही नव्हतीच! काही किरीव आमच्या हातचं खात नसत, नुसतेच बसून जात. त्याचं आम्हाला काही वाटायचं नाही.

२००७ च्या ऑगस्टमध्ये दोन वसाहतींत ट्रकबॉम्ब फुटले, ते पुष्कळांनी ७३ वं फर्मान धरलं. ३ ऑगस्ट २०१४ ला आयसिस आली, ते ७४ वं. राखणीचे कुर्दी सैनिक, पेशमर्गा, निघून गेले. जमलं ते डोंगरावर पळाले. तिथे पाण्यावाचून तान्ही मुलं आणि म्हातारी गेली. कोचो गाव डोंगरापासून लांब, ते वेढ्यात सापडलं. १५ ऑगस्टला गाव शाळेत गोळा केलं, पुरुषांना बाहेर नेऊन गोळ्या घातल्या, बायका-मुली विकल्या. नादिया मुराद त्याच गावच्या. २०१८ चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं.

वाचलेल्यांपैकी पुष्कळजण दोहूककडच्या निर्वासित छावण्यांत आलो. तिथे आम्ही आयसिसबद्दल फार बोलत नाही. बोलणं फिरून किरीवावर येतं. कुणाच्या किरीवाने फोन करून ‘निघा’ म्हणून सांगितलं. कुणी जिवावर उदार होऊन मुलगी लपवली. आणि कुणी आमची घरं दाखवली. आपला यातला कोणता, हे कित्येकांना आजही ठाऊक नाही. फोनच लागला नाही. लाल बुधवार आठवावा, तर उशीला टेकून बसलेला तो वगळता येत नाही.

आता छावणीत जन्मलेल्या मुलांच्या सुंता आल्या. एक म्हणतो, किरीव यझिदीच बघू. दुसरा म्हणतो, मग त्या घरच्या मुली सात पिढ्या बाद. आधीच घरं उरलीत किती?