दुसरा चेंडू

नातवंडांना तरुणपणच्या गोष्टी सांगण्याची सवय एकदा लागली, की चहासारखी ती सुटता सुटत नाही. माझी आवडती गोष्ट संदीप पाटीलची. जानेवारी १९८१, सिडनीचा कसोटी सामना. आमच्या जुन्या पनवेलच्या घरात पहाटे साडेपाचला रेडिओ लावून मी पांघरुणात बसलेला. शिवाजी पार्कच्या त्या धिप्पाड गड्याला आधी हॉगचा चेंडू गळ्यावर लागला, पुढे पास्कोचा कानाजवळ. डोक्यावर हेल्मेट नव्हते. ६५ धावांवर तो कोसळला, त्याला मैदानाबाहेर न्यावे लागले. तरी दुसऱ्या डावात स्वारी पुन्हा फलंदाजीला हजर! आणि त्याच महिन्यात अ‍ॅडलेडला १७४ धावा.

वडाळे तळ्याभोवती फिरताना ही गोष्ट मी आमच्या तेरा वर्षांच्या नातवाला किती वेळा सांगितली असेल, ते तळ्यालाच ठाऊक. "दुसऱ्या डावात पुन्हा हजर" या ठिकाणी मी हमखास थांबत असे आणि काठी जमिनीवर आपटत असे.

गणपती झाल्यानंतरची गोष्ट. गुरुवारी सरावात झेल घेताना चिरंजीवांचे डोके दुसऱ्या मुलाच्या गुडघ्यावर आपटले. घरी येऊन म्हणाला, "काही नाही, थोडं टेंगूळ आलंय." सूनबाई मुंबईहून लोकलने परतेपर्यंत रात्र होते. मी टेंगळावर बर्फ धरला आणि विषय संपवला. रविवारी अंतिम सामना होता ना! बॅटला तेल लावायचे काम माझ्याकडे होते.

शनिवारी संध्याकाळी आमच्या सौभाग्यवतींनी मला स्वयंपाकघरात बोलावले. "याचं काहीतरी बिनसलंय. शाळा किती वाजता सुटली ते मला दोनदा सांगितलं. दिवा लावला तर डोळे मिटून घेतो. आवडीची भाजी ताटात टाकली." मी म्हटले, "सामन्याची धास्ती असेल." त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे वर्णन करण्याचे धाडस लग्नाला चाळीस वर्षे झाली तरी माझ्यात नाही.

खोदून विचारल्यावर पोराने कबूल केले. गुरुवारपासून डोके दुखत होते, धावले की गरगरत होते. "मग बोलला का नाहीस रे?" तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "पाटीलसुद्धा पुन्हा उतरला होता ना, आजोबा?"

त्यानंतर मी बराच वेळ काही बोललो नाही.

त्याच रात्री डॉक्टरांकडे गेलो. स्कॅन झाला, त्यात काही निघाले नाही. निर्लज्जपणे मी विचारलेच, "मग उद्या खेळू दे ना?" डॉक्टर तरुण, पण संयमी. म्हणाले, "स्कॅनमध्ये मोडलेलं हाड दिसतं, साकळलेलं रक्त दिसतं. मेंदूला बसलेला हादरा त्यात दिसत नाही. हादऱ्याने पेशींमधली रसायनं विस्कटतात. ती जागेवर आणायला इंधन जास्त लागतं आणि नेमका त्याच दिवसांत रक्तपुरवठा कमी पडतो. अशा वेळी दुसरा मार बसला, मग तो हलका का असेना, तर बरं व्हायला फार वेळ लागतो. आणि क्वचित मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा ताबा सुटतो, मेंदू काही मिनिटांत सुजतो. बहुधा कोवळ्या वयात."

अमेरिकन डॉक्टरांनी १९८४ मध्ये याला 'सेकंड इम्पॅक्ट सिंड्रोम' असे नाव दिले. उत्तर आयर्लंडमध्ये २०११ साली चौदा वर्षांचा एक शाळकरी मुलगा रग्बी खेळताना मार लागूनही मैदानात राहिला, पुन्हा मार बसला आणि तो गेला. चौकशीत हेच कारण निघाले. असे फार विरळा घडते, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितले. पण पुढचा विरळा कोण, हे आधी कोणाला कळणार?

मी क्रिकेटवेडा आहे हे ओळखून त्यांनी लॉर्ड्सची आठवण काढली. ऑगस्ट २०१९. आर्चरचा चेंडू मानेवर लागून स्टीव्ह स्मिथ खाली पडला, तपासणी झाली, त्याच दिवशी परत येऊन खेळलाही. दुसऱ्या दिवशी मात्र डोके दुखू लागले, गरगरू लागले. त्याच्या जागी लाबुशेन आला, कसोटीतला असा पहिला बदली खेळाडू. तो नियम त्याच महिन्यात लागू झाला होता. म्हणजे आज ठीक दिसणारा उद्या ठीक असेलच असे नाही.

वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेतून नीट न उठणे, झटका येणे, यांपैकी काहीही दिसले तर थेट इस्पितळ गाठा, असे त्यांनी बजावले. बाकी, एक-दोन दिवस आराम, मग चालणे, मग शाळा, मग हलके धावणे. त्रास उलटला की एक पायरी मागे. मुलांना चार आठवडेही लागतात. "आणि हेल्मेट?" मी विचारले. "कवटी वाचवतं. आत मेंदू हलायचा तो हलतोच."

रविवारी आमच्या संघाचा पराभव झाला. नातू माझ्याशेजारी टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता. दोन दिवस धड बोलला नाही. मीही बोललो नाही. बॅट कपाटात गेली, तेलाचा वास मात्र घरभर.

हे लिहितो आहे तेव्हा चकल्यांचा घाणा चालू आहे. डोकेदुखी गेली, धावणे सुरू झाले, डॉक्टरांनी चेंडूला हात लावायची परवानगी कालच दिली. आकाशकंदिलाच्या काड्या बांधता बांधता त्याने मला विचारले, "आजोबा, पाटील दुसऱ्या डावात उतरला, तेव्हा त्याचं डोकं दुखत होतं का हो?"

एवढ्या वर्षांत मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. मी म्हटले, "दोरा घट्ट धर."