घाटाच्या कडेला

बैलगाडा शर्यतीवर बंदी असावी, असं गेल्या डिसेंबरात मी भर सभागृहात सात मिनिटं सांगितलं आणि वादविवाद स्पर्धेतला दुसऱ्या क्रमांकाचा चषक घेऊन भाईंदरला घरी आलो. तोपर्यंत मी शर्यत पाहिलेली नव्हती. ही कबुली आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचं लिहिणं सोपं जाईल.

अण्णांनी चषक हातात घेतला, उलटा केला आणि बुडाशी अंगठा फिरवला. ते भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करतात. त्यामुळे कोणतीही चकचकीत वस्तू ते आधी बुडाकडून पाहतात. "पॉलिश बरं नाही," एवढंच म्हणाले आणि चषक फ्रीजवर ठेवला. भाषणाचा विषय त्यांनी विचारला नाही, मीही सांगितला नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. तिथं काय चालतं ते आपण विचारायचं नसतं, असं आईअण्णांनी आपलं आपणच ठरवून टाकलंय.

न सांगायला कारण होतं. आम्ही मूळचे आंबेगाव तालुक्यातले, घोड नदीच्या काठचे. अण्णांकडे एक खिलार बैल होता, हिऱ्या. गाड्याला चार बैल लागतात आणि चारांची ऐपत आमची नव्हती. म्हणून तिघाचौघांनी आपापले बैल एकत्र आणून गाडा जुंपायचा. याला तिकडे जुगलबंदी म्हणतात. (गाण्यातली जुगलबंदी मला कॉलेजात आल्यावर कळली!) पौष पौर्णिमेला थापलिंगच्या खंडोबाच्या यात्रेत हा गाडा पळायचा.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. आदल्या वर्षी ज्याला लोक घरी येऊन मागत होते, त्या हिऱ्याला कुणी विचारीना. पळणारा बैल औताला लावला तर नांगर मोडायचा आणि नुसता बांधून ठेवला तर खुराक परवडत नाही. त्या दिवाळीनंतर अण्णांनी त्याला चाकणच्या बाजारात नेला. आलेल्या पैशांत भाईंदरच्या खोलीचं डिपॉझिट भागलं. राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा आला तो मार्च २०१५ मध्ये, म्हणजे त्यानंतर. हिऱ्या घेणारा कोण होता, हे अण्णा कधी बोलले नाहीत. भाषणाची तयारी करताना या दोन तारखा मी वहीत एकाखाली एक लिहिल्या होत्या. भाषणात फक्त पहिली घेतली.

चैत्रात गावची जत्रा आली. माझी परीक्षा तोंडावर होती, तरी अण्णा म्हणाले, "या खेपेला चल." अण्णा सहसा आग्रह करत नाहीत. निघालो. कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, आळेफाटा, नारायणगाव असा एस. टी.चा प्रवास. मांडीवर पुस्तक उघडं होतं आणि पान एकही उलटलं नाही.

शर्यत म्हटलं की आमच्या वर्गातल्या मुलांच्या डोळ्यांपुढे दूरदेशीच्या मोटारी येतात. तास-दीड तास त्याच वळणावरून गरगर फिरणाऱ्या. नाहीतर काशिमीऱ्याच्या हमरस्त्यावर रात्री मोटारसायकली उडवणारी पोरं. माझीही कल्पना साधारण तशीच होती. प्रत्यक्षात घाट म्हणजे टेकाडाच्या अंगाने वर चढत गेलेला मातीचा एक सरळ पट्टा निघाला. दोन्ही कडांना माणसंच माणसं, रसवंत्या, भेळीच्या गाड्या, भंडाऱ्याने पिवळे झालेले फेटे. बाया मात्र लांब, घरांच्या माळवदांवर. माझी आजी म्हणे साठ वर्षं या जत्रेत पोळ्या लाटते आहे आणि एकदाही घाटात उतरलेली नाही. हे भाषणात घालायला हवं होतं, असं उगाच वाटून गेलं.

पहिली बारी मला दिसलीच नाही. कर्ण्यावरून मालकांची नावं पुकारत होते, मी कर्णा कुठाय ते बघत होतो. एकदम आरोळी उठली, धुरळा अंगावर आला आणि तोपर्यंत गाडा वर जाऊन माणसांत दिसेनासा झाला होता. बारा-तेरा सेकंदांचा कारभार. शेजारी तात्या, म्हणजे आमचे चुलते, कपाळाला हात लावून म्हणाले, "अरं, खाली बघ खाली! वर काय देव हाये व्हय?"

मग त्यांनी मला बघायला शिकवलं. खरी शर्यत जुंपणीत असते. दोन बैल पुढे, दोन मागे, गाडा म्हणजे नुसता सांगाडा आणि वर गाडीवान नाही. साताऱ्या-सांगलीकडे छकड्यावर माणूस असतो. इकडे बैलांनी आपलं आपण पळायचं, पुढे एक घोडीवाला असतो त्याच्यामागे. चारही बैल एका क्षणी मोकळे सुटले पाहिजेत. एकाची मान क्षणभर वळलेली असली, की बारी गेली. म्हणून धरणारी माणसं लागतात. ती बैलाच्या तोंडाकडे बघत नाहीत, कानाकडे बघतात. किती सेकंदांत घाट चढला त्यावर गाड्याचा क्रमांक ठरतो आणि ज्याचा वेळ सर्वांत कमी तो घाटाचा राजा. चारपाच बाऱ्या झाल्यावर मलाही कान दिसू लागले आणि खरं सांगतो, मी ओरडू लागलो. काय ओरडत होतो ते आठवत नाही.

दुपारी एका बारीला खालच्या अंगाला एक पोरगा वाकलेला दिसला. त्याने मागच्या बैलाची शेपटी दातात धरली होती. हेच मी सभागृहात आवाज चढवून सांगितलं होतं, निकालपत्राचा हवाला देऊन. पाहिलं आत्ता. बैल सुटला तो आडवाच गेला, गुडघ्यावर आपटला आणि उठून फरफटत चार पावलं पुढे गेला. कर्ण्यावरून गाडा बाद झाल्याचं पुकारलं. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला, तो अशा प्रकारांना मनाई आहे याच भरवशावर. डॉक्टर आला, गुडघ्याला औषध लावलं. पुढची बारी सुरू झाली आणि मी मात्र बसून राहिलो.

"आम्हीपण केलंय," अण्णा शेजारून म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते घाटाकडेच बघत होते.

"हिऱ्याला?"

"त्याला नाय. त्याला लागायचं नाय." थोड्या वेळाने म्हणाले, "त्याच्या आधीच्याला."

ऊन उतरल्यावर खालून कुणीतरी अण्णांना हाका मारू लागलं. एका गाड्याचा धरणारा माणूस कमी पडला होता. अण्णा चप्पल माझ्याजवळ ठेवून उतरले. मी त्यांना रोज पाहतो ते गाळ्यावरून आल्यावर, मोरीत हाताची काळी पावडर घासताना. मान खाली असते, बोलणं नसतं. खाली उभा होता तो माणूस वेगळा. त्याने बैलाच्या वशिंडावर पालथा हात ठेवला, कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलला. बैल फुरफुरत होता तो थांबला. माझ्याशी अण्णा इतकं जवळ येऊन कधी बोललेले मला आठवत नाहीत. हेवा वाटला, हे लिहायला लाज वाटते, पण वाटला खरा. गाडा सुटला. क्रमांक काही विशेष आला नाही. अण्णा मातीने भरलेले वर आले आणि चप्पल मागितली.

परतीच्या गाडीत माळशेजच्या आसपास मी सगळं सांगून टाकलं. विषय, बाजू आणि गाळलेली तारीखसुद्धा. अण्णा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, झोपले.

"दुसरा नंबर आला व्हता ना तुझा?"

"हो."

"मग पहिला कुणाचा?"

"शर्यत हवी म्हणणाऱ्याचा. बोरिवलीचा मुलगा आहे."

"त्यानं बघितलीय?"

"नाही. तोही म्हणाला, कधी बघितली नाही."

अण्णा हसले. मोठ्यांदा, पुढच्या बाकावरची बाई वळून बघेपर्यंत हसले. मग कानाच्या पाळीतला भंडारा करंगळीने काढत त्यांनी विचारलं, "बोरिवलीला कुठं राहतो तो? फुडच्या खेपेला आणू त्याला."