ब तुकडीतला विद्यार्थी

परवा धाकट्या जावेचा फोन आला. इंदिरानगरचा फ्लॅट भाड्याने द्यायचाय. "ताई, माणूस कसा ओळखायचा हो? तुम्ही तर एवढी वर्षं मुलं ओळखलीत." मला हसूच आलं. या विषयात मी एकदा सपशेल नापास झालेय. घरच्यांनाही ते अर्धंच ठाऊक आहे, म्हणून आज सगळं लिहून टाकते.

गोष्ट 2017 ची. हे गेल्यानंतर वरचा मजला रिकामाच होता. पेन्शनीत माझं भागत होतं, पण रात्री वर कुणाची तरी पावलं वाजावीत असं वाटायचं.

पहिल्यांदा आली एक नर्स, सहा वर्षांच्या मुलीला घेऊन. नळाला पाणी किती वाजता येतं, मीटर वेगळा आहे का, भाड्याची पावती मिळेल ना, करार रजिस्टर करणार ना... एकामागून एक प्रश्न! मला वाटलं, भलतीच चौकस आहे, उद्या भांडेल. शिवाय रात्रपाळी, आणि नवऱ्याबद्दल काही बोलेना. "दुसऱ्याला शब्द दिलाय" म्हणून तिला वाटेला लावलं. शब्द कुणालाच दिलेला नव्हता. चौतीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं, आणि हे!

चार दिवसांनी एक गृहस्थ आले. वाकून नमस्कार. "बाई, तुमच्याच शाळेत होतो, ब तुकडीत." चेहरा काही आठवेना. पण ब तुकडीत साठ-साठ मुलं असायची, कोण कोण आठवणार?

आता मागे वळून बघितलं की सगळं लख्ख दिसतं. त्यांनी पाण्याचं विचारलं नाही. मोरीत डोकावले नाहीत. भाडं सांगितलं तेवढं कबूल, शंभर रुपयेसुद्धा कमी करा म्हणाले नाहीत. राहायला कधी येणार? तर आजच संध्याकाळी! पितृपक्ष चालू होता. एरवी कुणी घर बदलत नाही. मी स्वतःला सुधारक समजते, त्यामुळे उलट कौतुकच वाटलं. एवढी घाई कसली, हे विचारायचं राहूनच गेलं.

आधीच्या घरमालकाचा नंबर त्यांनी दिला होता. फोन केला तर, "फार सज्जन माणूस." मी खूश. तो मेहुणा होता हे पुढे कळलं. घर कितव्या मजल्यावर, भाडं किती, सोडलं कधी, एवढं जरी विचारलं असतं तरी तो अडखळला असता. तोंडी परीक्षेत मुलांना असंच पकडायचे की मी!

करार? "बाई, तुमच्या-माझ्यात कागद कशाला?" मी विरघळले.

हा कागद फार महत्त्वाचा, मंडळी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, लागू झाला 31 मार्च 2000 पासून. त्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. अकरा महिन्यांचा असला की स्टँपपेपर पुरतो, हा समज चुकीचा. लेखी करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. पोलीस ठाण्यालाही भाडेकरूची माहिती द्यायची असते. यातलं मी काहीच केलं नव्हतं.

दोन महिने भाडं आलं. मग चेक अडकला, मग बायको आजारी, मग विजेचं बिल थकलं. शेवटी मी आवाज चढवला तर शांतपणे म्हणाले, "बाई, कागद कुठाय?" त्या रात्री वरची पावलं ऐकत मी जागी होते.

पुतण्या मध्ये पडला. सात महिन्यांच्या भाड्यावर पाणी सोडलं, तेव्हा कुठे जून 2018 मध्ये जागा मोकळी झाली. असो.

जावेला म्हटलं, खूप प्रश्न विचारणारं कुणी आलं तर आधी चहा टाक.

त्याच जूनमध्ये दुधाच्या हिशेबाच्या वहीत त्या नर्सची चिठ्ठी सापडली. नंबर होता, लावला. नाव सांगितल्यावर तिने ओळखलं. सातपूरला जागा मिळाली होती तिला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "इथे मीटर वेगळा आहे, बाई."